वसई कोणत्या नांवाखालीं शोधावी?

श्रोतेहो, वसईचा किल्ला आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. ओस पडलेल्या चर्चांच्या उंच भिंती, त्यांमधून वाढलेलीं झाडें, समुद्राकडील दरवाजा आणि पलीकडची खाडी हें सारें पाहून परततांना कोणाच्याहि मनांत कुतूहल जागें व्हावें. असें कुतूहल जागें झालेला एखादा विद्यार्थी दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांत जातो, सूचींत 'वसई' हा शब्द शोधतो, चारदोन पुस्तकांचीं नांवें टिपून घेतो आणि वसईवर फारसें कोणीं लिहिलेंच नाहीं, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. वसईवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण तें सगळें 'वसई' या नांवाखालीं ठेविलेलें नाहीं. तें कोठें ठेविलें आहे, तेथें तें कसें जाऊन पडलें आणि तें हुडकावें कसें, एवढेंच आज सांगण्याचा माझा विचार आहे.

पहिली अडचण नांवाचीच. गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांच्या कागदांत ती 'बासाईं' या नांवानें वावरूं लागली. पुढें दोनशें वर्षें ती पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. त्यामुळें पोर्तुगीज लेखक पुष्कळदां तिचें नांवहि न घेतां नुसता 'उत्तर प्रांत' म्हणून उल्लेख करितात. १७३७ सालीं चिमाजी आप्पांची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्यें किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. मराठी पत्रांत ती वसईच होती आणि वसईच राहिली. डिसेंबर १७८० मध्यें जनरल गॉडर्डनें किल्ला जिंकला; १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो मराठ्यांना परत मिळाला; आणि पेशवाई बुडाल्यावर, १८१८ पासून, ती इंग्रजी दप्तरांतील 'बॅसीन' झाली. आज ज्याला आपण वसई रोड म्हणतों त्या स्टेशनाचें नांवहि पूर्वीं बॅसीन रोड असेंच होतें. म्हणजे ज्याच्या हातीं किल्ला, त्याच्या भाषेंतलें नांव कागदावर. आणि कागदावर जें नांव, तेंच पुढें ग्रंथाच्या मुखपृष्ठावर.

बरें, 'बॅसीन' म्हणून शोधूं लागावें तर दुसरेंच संकट उभें राहतें. ब्रह्मदेशांत, इरावतीच्या त्रिभुज प्रदेशांत, तांदुळाच्या व्यापाराचें एक मोठें बंदर आहे. आज त्याला पाथेन म्हणतात; पण इंग्रजी अमदानींत त्याचेंहि नांव बॅसीनच होतें. तेव्हां या शब्दाखालीं आपला विद्यार्थी चिमाजी आप्पांना शोधीत असतां त्याच्या पुढ्यांत ब्रह्मी तांदुळाच्या निर्यातीचे अहवाल येऊन पडतात.

'वसईचा तह' या शब्दांचेंहि तसेंच. वसईचे तह प्रसिद्ध आहेत ते दोन. एक मघां सांगितलेला, १५३४ चा, ज्यानें गाव पोर्तुगीजांकडे गेलें. दुसरा ३१ डिसेंबर १८०२ चा. त्या वर्षीं ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांनीं पुण्यापाशीं पराभव केल्यावर दुसरा बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयाला आला आणि त्यानें हा तह केला. पहिला तह पोर्तुगीजांच्या व गुजरातच्या इतिहासांत शोधावा लागतो. दुसरा पेशव्यांच्या आणि कंपनीच्या इतिहासांत. दोहोंमध्यें अडीचशेंहून अधिक वर्षांचें अंतर आहे. नुसतें 'वसईचा तह' म्हणून विचारणाराला सूचीनें कोणता तह द्यावा? त्यानें साल सांगितलें तरच तिला उत्तर देतां येईल.

येथवर ऐकून आपण म्हणाल कीं, हा घोळ निस्तरण्याचें काम ग्रंथालयाचें आहे. वाचकानें कां डोकें शिणवावें? या तक्रारींत तथ्य आहे, आणि ग्रंथालयांनीं ती मनावर घेतलीहि आहे. ती कशी घेतली याचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे.

फार काळपर्यंत सूचि म्हणजे मुख्यतः ग्रंथकारांच्या नांवांची यादी असे. १८४१ सालीं ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयासाठीं पानिझ्झी यांच्या देखरेखीखालीं एक्क्याण्णव नियम छापले गेले. त्यांचाहि मुख्य भर ग्रंथकाराचें नांव कसें नोंदावें यावर होता. ज्याला ग्रंथकार ठाऊक आहे त्याची सोय यानें झाली. पण ज्याला फक्त विषय ठाऊक आहे त्यानें काय करावें? बोस्टन अथिनियम या ग्रंथालयाचे ग्रंथपाल चार्ल्स ॲमी कटर यांनीं १८७६ मध्यें कोशपद्धतीच्या सूचीचे नियम प्रसिद्ध केले आणि या प्रश्नाला नीट उत्तर दिलें. ग्रंथकार, ग्रंथनाम आणि विषय अशा तिन्ही नोंदी शब्दकोशाप्रमाणें एकाच वर्णानुक्रमांत लावाव्या. विषयाची नोंद त्या विषयाच्या नेमक्या नांवाखालीं करावी, त्याला पोटांत घेणाऱ्या मोठ्या विषयाखालीं करूं नये. आणि एका अर्थाचे अनेक शब्द असतील तर त्यांतील एक कायम करून बाकीच्यांपुढें 'अमुक शब्द पाहा' अशी सूचना लिहावी. वसईच्या किल्ल्यावरील पुस्तक 'भारत' या शब्दाखालीं टाकूं नये, 'वसई' खालींच ठेवावें. आणि 'बॅसीन' पाहणाराला 'वसई पाहा' म्हणून वाट दाखवावी, असा या नियमांचा आपल्यापुरता अर्थ.

योगायोग असा कीं, त्याच १८७६ सालीं मुंबईंत डॉ. जोसे गेर्सन द कुन्हा यांचें चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील व प्राचीन अवशेषांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. या विषयाच्या अभ्यासकाला तें आजहि चुकवितां येत नाहीं. परंतु त्याच्या इंग्रजी नांवांत 'वसई' हा शब्द नाहीं, 'बॅसीन' आहे. ग्रंथकाराचें नांव तरी कोठें पाहावें? कोणी तें 'कुन्हा' खालीं लावील, कोणी 'द कुन्हा' खालीं, तर कोणी 'गेर्सन' खालीं. त्यांतच १५३४ चा तह करणाऱ्या पोर्तुगीज गव्हर्नराचें नांवहि नुनो द कुन्हा! एक कुन्हा विषय आहे, दुसरा ग्रंथकार आहे. सूचि वाचतांना हा भेद ध्यानांत ठेवावाच लागतो.

कटरच्या मार्गानें पुढें वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस गेली. तिनें १८९८ पासून आपली नवी कोशपद्धतीची सूचि रचण्यास आरंभ केला. १९०१ पासून आपलीं छापील कार्डें इतर ग्रंथालयांना विकत देण्यास प्रारंभ केला. आणि १९०९ ते १९१४ या काळांत आपल्या विषयशीर्षकांची यादी भागाभागानें छापली. यामुळें दूरदूरच्या ग्रंथालयांतून एका विषयाला एकच शब्द रूढ होऊं लागला. विषयशीर्षक हा ग्रंथकारानें योजलेला शब्द नसतो आणि वाचकाच्या तोंडीं असलेला शब्दहि नसतो. सूचिकारानें ग्रंथ चाळून, यादींतून निवडून, त्यावर लावलेला तो शब्द असतो. वाचकानें तो शब्द एकदां ओळखला कीं, निरनिराळ्या नांवांचीं, निरनिराळ्या भाषांतलीं आणि निरनिराळ्या काळांतलीं पुस्तकें त्याच्यापुढें एका ओळींत येऊन उभीं राहतात.

आपल्याकडेहि या कामाचा आरंभ लौकर झाला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून आपल्या संस्थानांत ग्रंथालयांची योजना आंखविली. मद्रासेंत गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन् १९२४ सालीं विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनीं १९३३ सालीं द्विबिंदु वर्गीकरण आणि १९३४ सालीं सूचीची संहिता प्रसिद्ध केली. विषयांच्या नोंदी कशा काढाव्या यासाठीं त्यांनीं जी युक्ति सांगितली तिला साखळीची पद्धति म्हणतात. वर्गीकरणांत विषयाची एक उतरंड असते: इतिहास, मग भारत, मग महाराष्ट्र, मग वसई. या साखळींतील शेवटचा दुवा प्रथम घ्यावा आणि एकेक पायरी वर चढत प्रत्येक दुव्याची नोंद करावी. वाचकालाहि हीच चाल उपयोगी पडते. आधीं अगदीं नेमका शब्द पाहावा. तेथें भागलें नाहीं तर त्याला पोटांत घेणारा शब्द पाहावा.

मराठी ग्रंथांपुरतें बोलावयाचें तर शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे उपकार विसरतां येणार नाहींत. तिच्या पहिल्या खंडांत १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यांत १९३८ ते १९५० या काळांतील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे. एका माणसानें चिकाटीनें केलेलें हें काम कोणत्याहि मराठी अभ्यासकानें एकदां तरी उलगडून पाहावें.

आतां ग्रंथांपलीकडे, मूळ कागदांकडे वळूं. येथें विषयशीर्षकाची खरी किंमत कळते. वसईच्या मोहिमेचे कागद मुख्यतः दोन ठिकाणीं सांपडतात, पुण्यास आणि गोव्यास. आणि दोहोंकडे ते लावण्याची रीति वेगळी. पुण्याच्या पेशवे दप्तरांत हजारों रुमाल बांधून ठेविलेले होते. मोडी पत्राच्या माथ्यावर 'वसईची मोहीम' असें शीर्षक कोणी लिहून ठेवीत नाहीं. पत्र वाचल्याशिवाय तें कोणत्या विषयाचें हें समजावयाचें नाहीं. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत या दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. त्यांतला सोळावा भाग १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेचा. वेगवेगळ्या रुमालांतून निघालेलीं पत्रें एका विषयाखालीं आलीं, आणि तीं घरबसल्या वाचण्याची सोय झाली. यशवंत नरसिंह केळकर यांचा 'वसईची मोहीम' हा ग्रंथ १९३७ सालीं निघाला तेव्हां ही वाट मोकळी झालेली होती.

गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना १५९५ सालची. इतिहासकार दियोगु दु कौतु हे त्याचे पहिले रक्षक. लिस्बनहून येणारा व तिकडे जाणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांबरोबर होत असे. म्हणून त्या पत्रांचीं बाडें मोसमांच्या, म्हणजे सालांच्या, अनुक्रमानें बांधलीं गेलीं आणि त्यांना 'मोसमांचीं पुस्तकें' असें नांव पडलें. तेथें 'वसई' असा शब्द घेऊन गेलेला मनुष्य गोंधळतो. १७३९ हें साल घेऊन गेलेला योग्य बाडापर्यंत पोहोंचतो. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं या दप्तराची ओळख करून देणारा मार्गदर्शक ग्रंथ १९५५ सालीं पोर्तुगीज भाषेंत प्रसिद्ध केला. त्यांच्या श्रमांमुळें मराठी वाचकाला पराभूत बाजूचें म्हणणेंहि ऐकतां आलें.

यांत जें पणाला लागलें आहे तें एवढेंच. ज्यानें केवळ 'वसईची मोहीम' हें शीर्षक पाहिलें त्याला विजय वाचावयास मिळेल. ज्यानें केवळ 'पोर्तुगीज उत्तर प्रांत' पाहिला त्याला एका वैभवशाली नगराचा नाश वाचावयास मिळेल. ज्यानें केवळ 'बॅसीन' पाहिलें त्याला इंग्रज अधिकाऱ्याच्या चष्म्यांतून दिसलेलें एक उध्वस्त गाव मिळेल. तिघेहि आपापल्या ठिकाणीं प्रामाणिक असतील, आणि तिघांचाहि इतिहास अपुरा राहील.

राज्यकर्त्यांप्रमाणें कारभाराच्या सीमाहि नोंदी हलवितात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणें जिल्ह्याचे भाग १८८२ सालीं निघाले. तेरावा खंड जिल्ह्याचा, आणि चौदावा प्रेक्षणीय स्थळांचा. वसईची, सोपाऱ्याची, विराराजवळच्या परिसराची पुष्कळ माहिती त्यांत आहे. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि वसई तालुका पालघरांत गेला. वसई-विरार महानगरपालिका त्यापूर्वीं, २००९ सालीं, स्थापन झालेली होती. यामुळें जुनें पुस्तक 'ठाणें' खालीं आणि नवें 'पालघर' खालीं, अशी ताटातूट होते. आपल्या तालुक्याचा इतिहास शोधतांना तो त्या त्या काळीं कोणत्या जिल्ह्यांत होता हें आधीं पाहून घ्यावें.

कित्येकदां तर विषय गांवाची वेसच ओलांडून जातो. नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तेथील स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडांत आणिला. त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापला गेला. सूचींत बहुधा नियतकालिकाचें नांव असतें, त्यांतील प्रत्येक निबंधाचें नसतें. तेव्हां 'सोपारा' येथें कांहीं न मिळाल्यास 'अशोकाचे शिलालेख', 'स्तूप', 'बौद्ध धर्म' हीं शीर्षकें पाहावीं, आणि नियतकालिकाची स्वतंत्र अनुक्रमणी मागावी.

वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें हुतात्मे झाले आणि १८६२ सालीं त्यांना संतपद मिळालें. त्यांच्यावरील पुष्कळ मजकूर 'जपान' आणि 'ख्रिस्ती हुतात्मे' या शीर्षकांखालीं असतो. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून ओळखली जाते. तिची हकीकत 'नाशिक' किंवा 'मंदिरें' येथें मिळेल. उलट, वसईच्या लेखकाचें प्रत्येक पुस्तक वसईवर असतें असेंहि नाहीं. उस्मानाबादेस २०२० सालीं भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे. पण त्यांचें 'सुबोध बायबल' विषयानुसार 'बायबल' खालींच जावयाचें. ग्रंथकार कोठला हा एक प्रश्न आहे आणि ग्रंथ कशाविषयीं हा दुसरा. विषयशीर्षक फक्त दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतें.

आतां कोणी विचारील कीं, संगणकावर सूचि आल्यावर ही सारी खटपट कशाला? शब्द टंकावा आणि उत्तर घ्यावें. पण टंकलेला शब्द यंत्र अक्षराशीं अक्षर जुळवून पाहतें. 'वसई' असें नागरींत विचारलें तर नुसतें अक्षर जुळविणाऱ्या यंत्राला रोमन लिपींतलें 'बॅसीन' दिसत नाहीं. मात्र त्या नोंदींत सूचिकारानें नीट विषयशीर्षक घातलें असेल तर तें दिसूं शकतें. यंत्र वेगवान झालें; परंतु कशाला काय म्हणावें हें माणसानेंच ठरवावें लागतें.

म्हणून शोधाला निघण्यापूर्वीं एक साधी शिस्त पाळावी. प्रथम एका कागदावर स्थळाचीं सारीं नांवें लिहावीं: वसई, बॅसीन, बासाईं, उत्तर प्रांत, ठाणें जिल्हा, पालघर जिल्हा. त्याखालीं व्यक्तींचीं नांवें लिहावीं: चिमाजी आप्पा, दुसरा बाजीराव, नुनो द कुन्हा, गॉडर्ड. त्याखालीं सालें लिहावीं. मग यांपैकीं कोणत्याहि एका शब्दानें एक चांगलें, नेमकें पुस्तक मिळवावें. तें मिळालें कीं त्याची संपूर्ण नोंद उघडावी आणि सूचिकारानें त्यावर कोणकोणतीं विषयशीर्षकें लावलीं आहेत तें पाहावें. तोच शब्द घेऊन पुन्हां शोधावें. बहुतेक वेळां पहिल्या पुस्तकाचे शेजारी त्या एका शब्दानें सांपडतात. शीर्षकाच्या पुढें 'इतिहास', 'पत्रव्यवहार', 'नकाशे' असे पोटविभाग असतील तर आपल्याला हवा तेवढाच घ्यावा. 'पाहा' आणि 'हेंहि पाहा' या सूचना ओलांडून जाऊं नये. त्या रस्त्यावरच्या पाट्या आहेत. आणि एवढें करूनहि अडलें तर ग्रंथपालाला विचारण्यास संकोच करूं नये. मात्र 'वसईवर कांहीं आहे काय?' असें न विचारतां, 'वसईचा १८०२ चा तह आणि त्यासंबंधींचा इंग्रजी पत्रव्यवहार मला पाहावयाचा आहे' असें विचारावें. प्रश्न जितका नेमका, तितकें उत्तर जवळचें.

शेवटीं एक गोष्ट मनाला लागते ती सांगून संपवितों. आजवर मीं जीं शीर्षकें सांगितलीं त्यांकडे पाहा. तह, मोहीम, किल्ला, राजे, सेनापति. वसईच्या खाडींत जाळीं टाकणारे कोळी, केळीच्या व पानवेलीच्या बागा राखणारे वाडवळ, सामवेदी बोली बोलणारीं हिंदु आणि ख्रिस्ती कुटुंबें यांना सूचींत सहजासहजी स्वतंत्र जागा मिळत नाहीं. त्यांची माहिती गॅझेटियरांतील लोकसंख्येच्या प्रकरणांत, एखाद्या बोलीच्या अभ्यासांत, चर्चच्या नोंदींत किंवा लग्नगीतांच्या संग्रहांत दडलेली असते. ज्यांच्यासाठीं शीर्षक नाहीं ते इतिहासांत नव्हते, असा समज सूचि पाहून कोणीहि करून घेऊं नये. सूचि आपल्याला शब्द देते. तिच्यांत नसलेला शब्द विचारण्याचें काम वाचकाचें आहे. वाचक वारंवार विचारूं लागले म्हणजे आज ना उद्यां सूचिकारालाहि त्या शब्दासाठीं एक नवी नोंद करावी लागते.

आपला तो विद्यार्थी पुन्हां ग्रंथालयांत गेला तर या वेळीं त्याच्या हातीं एका शब्दाऐवजीं नांवांचा आणि सालांचा एक कागद असावा, एवढीच माझी इच्छा आहे.